विश्लेषण : लोखंडी तव्याला साबण चालतो की नाही?

‘लोखंडी तव्याला साबण लावायचा नाही’ हा नियम सटाण्यापासून सावंतवाडीपर्यंत बहुतेक घरांत ऐकायला मिळतो. नॉनस्टिकचा थर निघाल्यावर अनेक घरांत पुन्हा लोखंडी तवा आणि बिडाची कढई येऊ लागली आहे. त्यासोबत हा जुना नियमही परत आला आहे. काही जण तवा नुसता फडक्याने पुसतात, तर काही जण रोज वडी आणि तारेची घासणी लावून तो चकचकीत करतात आणि दुसऱ्या दिवशी गंज दिसला की साबणाला दोष देतात. थोडक्यात उत्तर असे : भांडी घासण्याच्या द्रव साबणाचे दोन-चार थेंब तव्याचे नुकसान करत नाहीत. नुकसान होते ते खरखरीत घासणीने, जास्त क्षारयुक्त वडीने आणि सर्वात जास्त ओलीने. प्रश्न घरगुती असला, तरी त्याचा संबंध राज्यातील निम्म्याहून अधिक महिलांना असलेल्या रक्तक्षयाशीही पोहोचतो.

बीड आणि साधे लोखंड यात फरक काय?

आपण सरसकट ‘लोखंडी’ म्हणतो ती भांडी दोन प्रकारची असतात. बागलाणातल्या घरांत बाजरीची, कळण्याची किंवा नागलीची भाकरी ज्यावर भाजली जाते, तो खोलगट तवा बहुधा पत्र्याचा किंवा ठोकून घडवलेला असतो. त्यात कार्बनचे प्रमाण अगदी कमी असते. तो पातळ असतो, लवकर तापतो आणि आपटला तर वाकतो. बिडाचा तवा म्हणजे वितळलेले लोखंड साच्यात ओतून केलेला तवा. बिडात कार्बन साधारण २ ते ४ टक्के असतो, शिवाय सिलिकॉन असते. कोल्हापूरच्या फौंड्री उद्योगात यंत्रांचे सुटे भाग ओतले जातात ते याच जातीच्या धातूचे. बिडाचा तवा जड असतो, उशिरा तापतो, पण उष्णता बराच वेळ धरून ठेवतो. म्हणूनच आंबोळी, घावन, धिरडे त्यावर चांगले निघतात. मात्र तो ठिसूळ असतो. तापलेल्या बिडाच्या तव्यावर गार पाणी ओतले तर त्याला तडा जाऊ शकतो. स्वच्छतेच्या बाबतीत दोघांचे नियम जवळपास सारखेच आहेत, कारण गंज दोघांनाही चढतो आणि तेलाचा थर दोघांवरही बसतो.

तव्यावरचा काळा थर नेमका कशाचा?

सगळा गोंधळ इथून सुरू होतो. हा थर म्हणजे तव्यावर साचलेले तेल, असा समज आहे. तसे असते तर साबणाने तो निघून गेला असता आणि जुना नियम बरोबर ठरला असता. प्रत्यक्षात तेलाचा पातळ हात लावून तवा धूर निघेपर्यंत तापवला, की तेलाचे रेणू हवेतील ऑक्सिजनच्या साथीने एकमेकांना जोडले जातात. त्यांचे लांब साखळ्यांचे जाळे तयार होते. या क्रियेला बहुलकीकरण म्हणतात. जवसाचे तेल लावलेले लाकूड काही दिवसांनी कोरडे आणि कडक होते, तीच ही क्रिया. तव्यावर ती उष्णतेमुळे काही मिनिटांत होते. तयार झालेला थर हा तेल राहत नाही. तो धातूला घट्ट धरून बसलेला, वार्निशसारखा पदार्थ असतो.

सर्व तेले यासाठी सारखी नसतात. ज्या तेलात असंतृप्त स्निग्धाम्ले जास्त, त्याचा थर लवकर बसतो. जवस, सूर्यफूल, सोयाबीन ही तेले यात पुढे आहेत. आपल्याकडच्या शेंगदाणा तेलानेही चांगले काम होते. खोबरेल आणि तूप यांत संतृप्त स्निग्धाम्ले जास्त असल्याने त्यांचा थर तेवढा पक्का होत नाही. जवसाचा थर कडक होतो, पण जाड लावला तर त्याचे पापुद्रे सुटतात.

नुसत्या भाकरीच्या तव्यावर तेल जवळपास लागतच नाही. त्याचा काळेपणा येतो तो मुख्यतः वारंवार तापल्याने तयार होणाऱ्या लोखंडाच्या काळ्या ऑक्साइडमुळे आणि जळलेल्या पिठाच्या कार्बनमुळे. तोही साध्या साबणाने विरघळत नाही.

मग साबणाची भीती आली कुठून?

ही भीती अगदीच निराधार नव्हती. पूर्वीचा साबण म्हणजे चरबी किंवा तेल आणि कॉस्टिक सोडा यांच्या अभिक्रियेतून केलेला पदार्थ. मोजमाप काटेकोर नसेल, तर साबणात थोडा कॉस्टिक सोडा शिल्लक राही. कॉस्टिक सोडा तेलाच्या थरातील बंध तोडतो. तेलापासून साबण बनतो तो याच गुणामुळे. आजही जुन्या बिडाच्या भांड्यावरचा खराब झालेला थर पूर्ण काढायचा असेल, तर जाणकार कॉस्टिक सोड्याचेच द्रावण वापरतात. म्हणजे तेव्हाचा सल्ला तेव्हाच्या साबणापुरता योग्य होता. साबण बदलला, पण सल्ला तसाच राहिला.

आजचा साबण वेगळा कसा?

बाटलीतून येणारा भांड्यांचा ‘साबण’ शास्त्राच्या भाषेत साबण नाहीच, तो डिटर्जंट आहे. भारतात कपड्यांच्या बाबतीत हा बदल १९५९ मध्ये आलेल्या ‘सर्फ’ने आणि १९६९ मध्ये अहमदाबादेत सुरू झालेल्या ‘निरमा’ने घरोघरी नेला. भांड्यांच्या बाबतीत तो नंतर झाला. डिटर्जंटच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढले जाते आणि दुसरे तेलाकडे. मोकळ्या तेलाचे थेंब हे रेणू घेरतात आणि पाण्यासोबत वाहून नेतात. पण जाळे बनून धातूला चिकटलेला थर हा मोकळा तेलकटपणा नसतो. त्याला सोडवण्याची ताकद या रेणूंत नाही. शिवाय हातांनी वापरायचे हे द्रव साबण साधारणपणे उदासीन किंवा अगदी सौम्य गुणाचे ठेवलेले असतात, कारण ते रोज त्वचेला लागतात. १८९६ मध्ये स्थापन झालेली बिडाच्या भांड्यांची अमेरिकी कंपनी ‘लॉज’ हीदेखील आपल्या ग्राहकांना थोडा साबण वापरण्यास हरकत नसल्याचे सांगते.

बोअरच्या जड पाण्यात आणखी एक फरक दिसतो. खरा साबण अशा पाण्यातील कॅल्शियमशी संयोग पावून पांढरट साका तयार करतो आणि तो तव्यावर चिकटतो. डिटर्जंटचा असा साका सहसा होत नाही.

वडी आणि बाटली, फरक का महत्त्वाचा?

परदेशी माहितीत ‘साबण चालतो’ असे वाचून आपल्याकडे थेट वडी घासली जाते, तेव्हा निकाल वेगळा येतो. भांड्यांच्या बहुतेक वड्यांत डिटर्जंटसोबत धुण्याचा सोडा असतो आणि वजनाचा मोठा भाग चुनखडीसारख्या खनिजांच्या बारीक पुडीचा असतो. सोड्यामुळे वडी द्रव साबणापेक्षा जास्त क्षारीय होते आणि पूड भांडे घासण्याचे काम करते. स्टीलच्या पातेल्याला हे उपयोगी असते. तव्यावरचा थर मात्र रोज थोडा थोडा झिजतो. त्यात तारेची घासणी आली, की काही दिवसांत काळा तवा करडा दिसू लागतो. उघडा पडलेला धातू मग पाणी लागताच गंजतो. दोष साबणावर येतो, पण थर काढलेला असतो घासण्याने.

वडीशिवाय पर्याय नसेल, तर ती थेट तव्यावर फिरवू नये. ओल्या मऊ घासणीवर थोडा फेस घेऊन तेवढाच वापरावा.

राखेने घासलेले तवे मग कसे टिकले?

चुलीच्या काळात भांडी राखेनेच घासली जात. लाकडाच्या राखेत पोटॅशियमचे आणि कॅल्शियमचे कार्बोनेट असते. तिचे पाणी आजच्या द्रव साबणापेक्षा कितीतरी जास्त क्षारीय असते, शिवाय राख खरखरीतही असते. म्हणजे साबणाला नाही म्हणणाऱ्या घरांत तव्याला साबणापेक्षा कडक गोष्ट लागत होती. तरीही तवे दोन-दोन पिढ्या चालले. याची कारणे साधी होती. भाकरीच्या तव्याला तेलाच्या थराची फारशी गरज नव्हती. तवा घासून झाला की तो भिंतीला टेकवून उन्हात किंवा चुलीजवळ ठेवला जाई. आणि तो दिवसातून दोन वेळा कडक तापत असे. तवा टिकला तो कोरडा राहिल्याने आणि रोज वापरल्याने. आज गॅसच्या ओट्यावर, सिंकमध्ये इतर भांड्यांखाली रात्रभर ओला पडलेला तवा यापैकी काहीच अनुभवत नाही.

साबण न लावण्याचा नियम नक्की कोणाला लागू?

कसमादे आणि खानदेशात मांडे ज्यावर भाजतात त्या खापराला आणि मातीच्या इतर भांड्यांना हा नियम खरोखर लागू आहे. बिनचकाकीची भाजलेली माती सच्छिद्र असते. ती पाणी शोषते, तसा साबणही शोषते. पुढच्या वेळी तापल्यावर तो पदार्थात उतरतो आणि चव बिघडते. खापर गरम पाण्याने आणि काथ्याने स्वच्छ करून उन्हात वाळवणे हीच योग्य पद्धत. लोखंड आणि बीड अशा रीतीने पाणी पीत नाहीत. त्यामुळे तव्यात ‘साबण मुरतो’ ही समजूत धातूच्या बाबतीत टिकत नाही. स्वच्छ पाण्याने खळबळल्यावर साबण निघून जातो.

साबण लावणे आवश्यक कधी?

काही वेळा साबण टाळणेच चुकीचे असते. आठवडे बाजारातून किंवा यात्रेतून आणलेल्या नव्या तव्यावर गंज लागू नये म्हणून तेलाचा किंवा मेणासारखा थर दिलेला असतो. तो खाण्यासाठी नसतो. असा तवा पहिल्यांदा गरम पाणी आणि साबणाने नीट घासूनच घ्यावा.

मासे, अंडी किंवा मटण केल्यानंतरचा वास नुसत्या पुसण्याने जात नाही. एकाच घरात शाकाहारी आणि मांसाहारी दोघे असतील, तर हा मुद्दा आणखी महत्त्वाचा ठरतो. तव्यावर राहिलेले मोकळे तेल हवेने खवट होते, चिकट होते, त्यावर धूळ बसते आणि झुरळे येतात. तवा पुन्हा कडक तापतो तेव्हा जंतू मरतात हे खरे. पण खवटपणा तापवल्याने जात नाही. बरेच दिवस न वापरलेल्या कढईत फोडणी केल्यावर भाजीला जुनाट वास येतो, तो बहुधा याचाच.

खरा शत्रू कोण?

लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन एकत्र आले की गंज तयार होतो. पाण्यात मीठ असेल तर हे आणखी वेगाने होते. जेवण झाल्यावर भाजीचा रस्सा कढईतच राहू देणे किंवा ‘भिजू दे, सकाळी घासू’ म्हणत तवा पाण्यात ठेवणे हे दहा वेळा साबण लावण्यापेक्षा जास्त नुकसान करते. पावसाळ्यात दमट हवेमुळे धोका वाढतो.

दुसरा शत्रू म्हणजे आंबट. चिंच, टोमॅटो, कोकम, ताक यांतील आम्ल थर कमकुवत करते आणि लोखंड विरघळवते. कढी काळपट होते ती यामुळे. वांगे किंवा केळफूल काळे पडते त्याचे कारण थोडे वेगळे आहे. त्यांतील टॅनिनसारखी द्रव्ये लोखंडाशी संयोग पावून गडद रंग देतात. बागलाणात मुबलक असलेल्या डाळिंबाच्या सालीत टॅनिन भरपूर असते. ही साल आणि लोखंड यांच्या संयोगातून कापडाला काळा-करडा रंग देता येतो तो याच गुणामुळे. असा पदार्थ दिसायला काळा असला तरी लगेच खाल्ल्यास विषारी होत नाही. तो भांड्यात साठवू मात्र नये. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांतही चटणी, सांबार असे आंबट पदार्थ ॲल्युमिनियम, लोखंड किंवा कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांत ठेवू नयेत, असे म्हटले आहे.

परदेशात किंवा शहरांत भांडी धुण्याचे यंत्र वापरणाऱ्यांसाठी एक सूचना : बिडाचे भांडे त्यात कधीही टाकू नये. यंत्राची पूड तीव्र क्षारीय असते आणि भांडे तासभर ओल्या वाफेत राहते. म्हणजे थर काढणारे आणि गंज आणणारे दोन्ही घटक एकाच वेळी काम करतात.

धुण्याची योग्य पद्धत कोणती?

तवा कोमट होऊ द्यावा. चिकटलेले कण लाकडी उलथन्याने किंवा नारळाच्या शेंडीने सोडवावेत. फारच चिकटले असतील तर थोडे पाणी घालून दोन मिनिटे उकळावे, किंवा जाडे मीठ टाकून घासावे. त्यानंतर मऊ घासणीवर द्रव साबणाचे दोन-चार थेंब घेऊन तवा धुवावा आणि वाहत्या पाण्याने खळबळावा. लगेच फडक्याने पुसावा. एवढ्यावर थांबू नये. गॅसवर मिनिटभर ठेवून तो पूर्ण कोरडा करावा, कारण फडके बारीक खळग्यांतली ओल काढू शकत नाही. तवा गरम असतानाच तेलाचे दोन थेंब सगळीकडे चोळावेत आणि जास्तीचे तेल पुसून टाकावे. हात लावल्यावर तवा चिकट वाटला, तर तेल जास्त झाले आहे.

पुसताना फडक्याला थोडा काळा रंग लागला, तर घाबरण्याचे कारण नाही. तो कार्बनचा आणि लोखंडाच्या ऑक्साइडचा असतो. चुलीवरच्या तव्याच्या बुडाची काजळी मात्र वेगळी. ती साबणाने काढणे चांगले.

गंज चढलाच तर तवा टाकून द्यावा का?

नाही. लोखंडी तवा जवळपास नेहमीच सुधारतो. गंजाच्या जागी तारेची घासणी या वेळी वापरावी. हट्टी गंजावर चिंचेचे किंवा व्हिनेगरचे पाणी थोडा वेळ लावावे. जास्त वेळ ठेवले तर आम्ल चांगला धातूही खाते. मग साबणाने धुऊन, कोरडा करून, तेलाचा अगदी पातळ हात द्यावा आणि धूर निघेपर्यंत तापवावे. गार झाल्यावर हेच तीन-चार वेळा करावे. पुढचे काही दिवस त्यावर धिरडी, पराठे असे तेलाचे पदार्थ केले, की थर पक्का होतो. गंजाने धनुर्वात होतो ही समजूतही तपासून घ्यायला हवी. धनुर्वात होतो तो मातीत असणाऱ्या जिवाणूमुळे, जखमेवाटे. तव्यावरचा गंज पोटात गेल्याने नाही. बिडाच्या तव्याला तडा गेला असेल, तर मात्र तो वापरू नये.

या सगळ्याचा आरोग्याशी संबंध काय?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के महिलांना रक्तक्षय आहे. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे ५४ टक्के आहे. लोखंडी भांड्यात शिजवलेल्या अन्नात लोह उतरते, हे प्रयोगांनी दाखवले आहे. १९८६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बिडाच्या भांड्यात शिजवलेल्या सफरचंदाच्या गरातील लोह १०० ग्रॅममागे ०.३५ मिलिग्रॅमवरून ७.३८ मिलिग्रॅमपर्यंत गेल्याचे आढळले. पदार्थ जितका ओला, आंबट आणि जास्त वेळ शिजणारा, तितके लोह जास्त. ‘लॅन्सेट’मध्ये १९९९ साली आलेल्या इथिओपियातील अभ्यासात लोखंडी भांड्यांतले अन्न खाणाऱ्या मुलांचे हिमोग्लोबिन ॲल्युमिनियमच्या भांड्यांतले अन्न खाणाऱ्या मुलांपेक्षा अधिक वाढल्याचे दिसले.

याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. तव्यावर दोन मिनिटे भाजलेल्या कोरड्या भाकरीत फारसे लोह उतरत नाही. कढईत शिजलेल्या पालेभाजीत किंवा आमटीत ते जास्त उतरते. जुना थर पक्का झालेले भांडे नव्यापेक्षा कमी लोह देते. आणि ज्यांना रक्तक्षय आहे त्यांच्यासाठी कढई हा डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांना पर्याय नाही, ती फक्त जोड आहे. उलट थॅलेसेमियाचे रुग्ण किंवा ज्यांना वारंवार रक्त चढवावे लागते, त्यांच्या शरीरात लोह आधीच साचत असते. त्यांनी लोखंडी भांड्यांबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

तव्याचा खरा तोटा होतो तो नियम नको तितका कडक केल्याने. ‘याला साबण लावायचा नाही, हा सांभाळायला अवघड’ असे वाटले, की लोखंडी कढई माळ्यावर जाते आणि तिच्या जागी ॲल्युमिनियम किंवा नॉनस्टिक येते. दोन थेंब साबण, लगेच कोरडे करणे आणि तेलाचा पुसट हात एवढे केले, तर तीच कढई रोजच्या वापरात राहू शकते.